पुरंदरे वाडा, सासवड

पुणे जिल्ह्यात, सासवड येथे कऱ्हा नदीकाठी असलेला सरदार पुरंदरे घराण्याचा अठराव्या शतकातील तटबंदीचा वाडा. पुण्याहून दिवे घाट चढून सुमारे ३० किमी. पालखीच्या वाटेवरचे गाव म्हणून सासवड सर्वांना ठाऊक आहे. हा वाडा मात्र फारच थोडे लोक थांबून पाहतात.

छत्रपती शाहूंचा सेनापती चंद्रसेन जाधव याने पाठलाग केला तेव्हा बाळाजी विश्वनाथ सासवडकडेच धावले होते. १७१३ मध्ये त्यांना पेशवाई मिळाली आणि अंबाजीपंत पुरंदरे त्यांचे मुतालिक, म्हणजे कारभारातले प्रतिनिधी, झाले. १७२० मध्ये बाळाजींचे निधनही सासवडलाच झाले. शनिवारवाड्याचा पाया त्यानंतर दहा वर्षांनी घातला गेला. पेशवाईच्या आरंभी सासवडचे महत्त्व किती होते, ते एवढ्यावरून कळावे.

वाड्याची बांधणी गढीसारखी आहे. उंच दरवाजा, दोन्ही अंगांना बुरूज, खाली काळ्या पाषाणाचे भक्कम काम आणि वर विटांचे. दर्शनी भाग पाहताच शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवतो. मार्च १८१८ मध्ये इंग्रज फौज पुरंदर घ्यायला निघाली, तेव्हा सिंधी, हिंदुस्थानी आणि अरब असे सुमारे २०० शिपाई सासवडच्या दगडी वाड्यात दारे लावून बसले. अठरा पौंडी तोफा आणाव्या लागल्या. त्यांच्या माऱ्यानेही भिंती फारशा खचल्या नाहीत. आतल्या माणसांचा धीर मात्र सुटला आणि ते शरण आले.

तट आणि दरवाजा आजही उभे आहेत, पण आतला वाडा बहुतांशी पडला आहे. मराठी वाड्यात छताचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. कौले सरकली की पाणी तुळयांच्या टोकांशी मुरते, लाकूड कुजते, वाळवी लागते आणि मजला खाली येतो. मग उघड्या पडलेल्या भिंतींतली माती दर पावसात थोडी थोडी वाहून जाते. दगडी तटाला धोका आहे तो पिंपळाचा, कारण त्याची मुळे चुन्याचे सांधे उकलतात. ही झाडे मुळासकट काढून भिंतींचे माथे चुन्याने बंद करणे, हे पहिले आणि तातडीचे काम. सिमेंट येथे वापरू नये; त्याने ओल आतच कोंडते आणि जुनी वीट भुसभुशीत होऊन झडू लागते.