कुस्ती आणि पाश्चात्त्य जग (ठाणे–नवी मुंबई परिसर)

इथले मल्लयुद्ध आणि इराणी कुश्ती यांच्या मिलाफातून घडलेल्या मातीच्या कुस्तीने पाश्चात्त्यांना मुद्गल, म्हणजे व्यायामात फिरवायचे जड लाकडी दांडके, दिले आणि त्यांच्याकडून मॅट, म्हणजे कुस्तीची गादी, घेतली. ठाणे-नवी मुंबईत या देवघेवीच्या दोन्ही बाजू दिसतात.

आधी गेले ते मुद्गल. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या तालमींत ते पाहिले. वजन उतरवून केलेली बाटलीच्या आकाराची लाकडी जोडी 'इंडियन क्लब' म्हणून एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पसरली. १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये तर ती फिरवण्याची वेगळी स्पर्धाच होती. पुढे बेल्जियममध्ये जन्मलेल्या कार्ल गॉच या मल्लाने जोर-बैठका जपानी मल्लांकडून घोटून घेतल्या. घोडबंदर रोडच्या जिममध्ये 'हिंदू स्क्वॉट' म्हणून मारायला लावतात, ती आपली बैठकच. फी तेवढी इंग्रजी नावाची.

प्रत्यक्ष गाठ पडली १९१०मध्ये, लंडनला. हिंदुस्थानच्या गामा पहिलवानापुढे पोलंडचा मल्ल झ्बिश्को सुमारे अडीच तास बहुतेक पालथा पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. फेरलढतीला तो आलाच नाही. १९२८मध्ये पतियाळाला मात्र गामाने त्याला मिनिटभरही टिकू दिले नाही.

मॅटचा धडा महाराष्ट्राने खाशाबा जाधवांकडून घेतला. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला गडी १९४८मध्ये लंडन ऑलिंपिकला सहावा आला आणि १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन परतला. वाशीच्या बाजारातले कितीतरी माथाडी त्याच सातारा भागातले, त्यामुळे खाशाबांचे नाव इथे घरच्यासारखे घेतले जाते.

आगरी-कोळी गावांच्या जत्रांतले फड मात्र मातीचेच. मॅटवर घडलेली पोरे तिथे उतरली की खाली वाकून झटकन पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, जातात आणि पाय मातीत रुततो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, नऊ मीटरचे वर्तुळ, प्रतिस्पर्ध्याला बाहेर ढकलले की एक गुण. फडाला वर्तुळ नसते. जोडी लढत लढत पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर आली तरी गुण कुणालाच नाही; पंच दोघांना दंडाला धरून मधोमध आणतात, पुन्हा हात मिळवायला लावतात आणि कुस्ती पुढे चालू होते.