हात हलका की जड: लहान मुलांना होणाऱ्या मायेच्या स्पर्शाच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

पाय लांब करून पाटावर बसायचे आणि बाळाला पायांवर पालथे घेऊन न्हाऊ घालायचे, ही रीत पुण्यातल्या अनेक घरांत अजून टिकून आहे. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईचा हात हलका की जड, हे घरातली आजी दोन-तीन दिवसांत ठरवून टाकते. हाच निवाडा मोजपट्टीवर आणायला शास्त्राला मात्र बरीच वर्षे लागली.

मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, असा सल्ला अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये दिला होता. अन्न आणि स्वच्छता असूनही अनाथालयांसारख्या संस्थांतली बाळे खंगत जातात, हे डॉक्टर रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये मांडले, तर मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या १९५८ मधील शोधनिबंधातली माकडाची पिल्ले दूध देणाऱ्या, तारेच्या बनवलेल्या कृत्रिम आईला सोडून मऊ कापडाच्या कृत्रिम आईला बिलगली. स्पर्श हवाच, एवढे यातून सिद्ध झाले. चांगला स्पर्श ओळखायचा कसा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला हात घातला मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. युगांडातल्या निरीक्षणांनंतर त्यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातील २६ कुटुंबांत वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, सुमारे चार-चार तास बसून नोंदी घेतल्या. जी मुले पुढे आईला टाळू लागली, त्यांनाही इतरांइतकाच वेळ कडेवर घेतले जात होते. फरक होता तो घेण्याच्या पद्धतीत, म्हणजे हळुवारपणात आणि मुलाचा कल पाहण्यात. मला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मिनिटे मोजणे इथेच अपुरे ठरले.

पुढे चित्रफितींवरून थोपटणे, कुरवाळणे, गुदगुल्या अशा वेगवेगळ्या नोंदी होऊ लागल्या. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने कुरवाळले असता त्वचेतील विशिष्ट मज्जातंतू सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तोच वेग सुखद वाटतो, असे २००९ मध्ये मोठ्या माणसांवरील प्रयोगांत आढळले. (रांगत निसटू पाहणाऱ्या मुलाला मात्र हा वेगही नकोसाच वाटेल.)

बाल्टिमोरच्या नोंदींच्या केंद्रस्थानी एकटी आई होती. पुण्यात दिवसभरात आजी, न्हाऊ घालणारी बाई आणि पाळणाघरातल्या ताई असे अनेक हात बाळाला लागतात, त्यामुळे इथल्या निरीक्षकाला प्रत्येक हाताची नोंद वेगळी ठेवावी लागते: ताईंनी दुपटे बदलण्याआधी बाळाकडे पाहिले का, त्याने अंग आखडताच हात थांबला का.