सीईएम प्रमाणपत्रासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि हमखास अडणाऱ्या जागा

आपत्कालीन व्यवस्थापनात काम करणाऱ्यांसाठी अनेक देशांत ओळखलं जाणारं एक व्यावसायिक प्रमाणपत्र आहे, ‘सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर’. बोलताना सगळे त्याला सीईएमच म्हणतात. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ इमर्जन्सी मॅनेजर्स, म्हणजे आयएईएम, ही संघटना ते १९९३ पासून देते. बरेच जण ‘सीईएमचा कोर्स कुठे असतो?’ असं विचारतात. असा कोर्स नसतो. प्रशिक्षण तुम्ही आधीच ठिकठिकाणी घेतलेलं असावं लागतं आणि कामाचा अनुभवही गाठीशी हवा. ते सगळं कागदपत्रांनिशी दाखवायचं आणि त्यासोबत परीक्षा द्यायची. म्हणून अभ्यासाच्या आधी फाईल लावायला घ्या.

याच संघटनेचं दुसरं प्रमाणपत्र एईएम, म्हणजे ‘असोसिएट इमर्जन्सी मॅनेजर’. त्याला अनुभवाची, पदवीची आणि व्यावसायिक योगदानाची अट नाही. शिफारसी, प्रशिक्षणाचे तास आणि परीक्षा मात्र आहेतच. या क्षेत्रात नुकतेच आला असाल तर एईएम घ्या आणि अनुभव पुरा झाला की सीईएमकडे वळा. अपुऱ्या अनुभवावर सीईएमचा अर्ज ताणून बसवण्यात काही हशील नाही.

पात्रता

सीईएमसाठी आपत्कालीन व्यवस्थापनाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. त्यात एखाद्या प्रत्यक्ष आपत्तीत किंवा पूर्ण स्वरूपाच्या रंगीत तालमीत तुमचा सहभाग असायला हवा. टेबलाभोवती बसून केलेली चर्चा पूर्ण तालीम म्हणून धरली जात नाही. माणसं, गाड्या, यंत्रणा खरोखर हलवलेल्या हव्यात. अग्निशमन, रुग्णालय, कारखान्याची सुरक्षा, स्थानिक प्रशासन, स्वयंसेवी संस्था, कुठलाही अनुभव चालू शकतो. मात्र त्यातलं आपत्कालीन व्यवस्थापन तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे. पदनाम बघून तो काही गृहीत धरत नाही. ‘समन्वयाचं काम पाहिलं’ एवढ्यावर पाच वर्षांची नोकरी उरकू नका. धोक्यांचं मूल्यांकन कोणी केलं, आराखडा कोणी लिहिला, नियंत्रण कक्षात तुमची जबाबदारी काय होती, नंतरच्या पुनर्वसनात तुम्ही काय केलं, हे वेगवेगळं लिहा.

शिक्षणाची अट पदवीची आहे. विषय कोणताही चालतो. पदवी नसेल तर जादा अनुभवाने ती उणीव भरून काढता येते, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी माघार घेऊ नका.

प्रशिक्षणाचे तास

सर्वाधिक चुका होतात त्या इथे. १०० तास आपत्कालीन व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचे आणि आणखी १०० तास सर्वसाधारण व्यवस्थापनाचे लागतात. दुसऱ्या शंभरात अंदाजपत्रक, मनुष्यबळ, प्रकल्प नियोजन, संवादकौशल्य, नेतृत्व असे विषय येतात. पहिले शंभर जमवण्याच्या नादात हे दुसरे शंभर विसरलेली मंडळी बरीच आहेत.

त्यात एक मेख आहे. कुठल्याही एका विषयाचे २५ पेक्षा जास्त तास धरले जात नाहीत. समजा, तुमच्याकडे चार प्रमाणपत्रं आहेत: घटना नियंत्रण प्रणाली ४० तास, पूर व्यवस्थापन ३२, निवारा केंद्र चालवणं १६ आणि आपत्कालीन संदेशवहन १२. बेरीज बरोबर १००. अर्जात मात्र हे २५, २५, १६ आणि १२ असे धरले जातील, म्हणजे एकूण ७८. बावीस तास कमीच पडले. त्यामुळे एकच विषय खोलवर शिकलेल्या माणसापेक्षा चार विषयांत हात घातलेल्याला हा टप्पा सोपा जातो. हे न्याय्य आहे का, यावर वाद घालता येईल. पण सगळ्या प्रकारच्या आपत्तींना तोंड देणारा व्यवस्थापक तपासायचा, तर यामागचा हेतू कळतो.

प्रत्येक प्रमाणपत्रावर तुमचं नाव, विषय, तारीख, आयोजक आणि तास असायला हवेत. तासच लिहिलेले नाहीत अशी प्रमाणपत्रं सर्रास सापडतात. अशा वेळी आयोजकाकडून पत्र घ्या किंवा त्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक जोडा. उद्घाटन, सत्कार आणि जेवणाची सुट्टी हे प्रशिक्षणाचे तास नव्हेत. आपल्याकडच्या कागदांवरून आजच एक तक्ता करून ठेवा आणि विषयाचा रकाना आधी भरा, बेरीज शेवटी.

शिफारसी आणि योगदान

तीन व्यावसायिक शिफारसी लागतात, त्यातली एक सध्याच्या वरिष्ठांची. वरिष्ठ नुकतेच बदलून आलेले असतील तर तुमच्या कामाचं टिपण त्यांना आधीच द्या, नाहीतर पत्रात ‘वर्तणूक चांगली आहे’ यापलीकडे काही येत नाही.

योगदानाचा भाग वरवर सोपा वाटतो, पण तो सोपा नाही. नोकरीच्या चौकटीबाहेर जाऊन या व्यवसायासाठी केलेली सहा वेगवेगळी कामं दाखवायची असतात: व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व, परिषदेला हजेरी, भाषण, शिकवणं, लेख, एखाद्या समितीवरचं काम वगैरे. ज्याचा पगार मिळतो ते काम इथे लिहिलं की अडचण येते. प्रशिक्षक म्हणूनच नेमणूक असलेल्याने ‘मी प्रशिक्षण दिलं’ हे योगदान म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. त्याने लेख लिहावा किंवा बाहेरच्या समितीवर काम करावं. प्रत्येक कामाचा पुरावा हवा: निमंत्रणपत्र, कार्यक्रमपत्रिका, छापील लेखाची प्रत, सभासदत्वाचा दाखला. तीन वर्षांपूर्वीच्या भाषणाची कार्यक्रमपत्रिका आज शोधायला गेलात तर बहुधा मिळणार नाही, म्हणून असे कागद हाती आले की लगेच फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकत जा.

अर्ज आणि परीक्षा

अर्ज ऑनलाईन भरतात. आयएईएमच्या संकेतस्थळावर उमेदवारांसाठीची चालू नियमपुस्तिका असते. अटींमध्ये वेळोवेळी फेरफार होतात, म्हणून ओळखीच्या कोणाच्या जुन्या अर्जावरून नक्कल करू नका. कागदपत्रं इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असतील तर भाषांतर आधीच करून ठेवा. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, हेही पाहा. पदवीवर एक आडनाव आणि प्रशिक्षणाच्या दाखल्यांवर दुसरं असेल तर नावबदलाचा पुरावा जोडा.

अर्जाची छाननी याच क्षेत्रातल्या अनुभवी लोकांचं मंडळ करतं. लेखी परीक्षा बहुपर्यायी असते. आपत्ती टाळणं वा तिची झळ कमी करणं, पूर्वतयारी, प्रतिसाद आणि पुनर्प्राप्ती हे चारही टप्पे तयार हवेत. प्रतिसादात आयुष्य घालवलेल्यांची तयारी पुनर्प्राप्तीत कच्ची असते; त्यांनी अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी.

प्रमाणपत्र मिळालं की ५ वर्षं चालतं. नूतनीकरणाला पुन्हा प्रशिक्षणाचे तास आणि नवं योगदान दाखवावं लागतं, आणि तिथे जुने कागद कामाला येत नाहीत. तेव्हा तासांचा तक्ता बंद करू नका. प्रमाणपत्र हाती आल्याच्या तारखेपासून त्याचं नवं पान सुरू करा.