तारकर्ली-मालवणची किनारी सहल

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यात समुद्राला लागून दोन-तीन दिवस मुक्काम करायचा, किल्ला बघायचा, पाण्यात खेळायचं, खाडीत होडीनं फिरायचं आणि दोन्ही वेळा मासे खायचे, याला लोक ढोबळमानाने तारकर्लीची ट्रिप म्हणतात, मग राहिलेले देवबागला असोत की वायरीला. जिल्हा १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा काढला आणि १९९७ ला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केला, पण मुंबईकराला रात्री गाडीत बसून सकाळी कुडाळला उतरणं जमायला लागलं ते १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला, तरी बहुतेक मंडळी अजून रेल्वेनं नाहीतर स्वतःच्या गाडीनंच येतात.

तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर. तिथून पुढे देवबाग, आणि देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी वाळूची चिंचोळी पट्टी, काही घरांच्या पुढच्या दारी लाटा आणि मागच्या दारी खाडी. पट्टी संपते तिथे संगम. त्याच्याजवळच्या वाळूच्या बेटाला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं होडीवाले सांगतात. जेट स्की, बनाना राइड वगैरे आरडाओरडा सगळा तिथेच असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल शाळेत शिकलेलं असतंच. कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं, तीन वर्षांत पूर्ण झालं, पसारा ४८ एकरांचा. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. पण मला विचाराल तर बघण्यासारख्या खऱ्या त्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, चारी बाजूंनी खारं पाणी असताना या तीन विहिरींना गोडं पाणी! मालवणच्या जेटीवरून होडी सुटते, होडीवाला तासाभराची मुदत देतो आणि तासाभरात सगळी तटबंदी फिरून होत नाही, तेव्हा सेल्फी कमी काढा. जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे, विजयदुर्गही आहे.

स्कूबा हे आता सगळ्यात मोठं आकर्षण. किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर, खडकांवर प्रवाळ आणि त्यात रंगीत मासे. पोहता येत नसलं तरी चालतं कारण ट्रेनर पाठीमागून धरून काही मीटरच खाली नेतो, फक्त नाक मास्कमध्ये बंद असतं, श्वास तोंडानं घ्यायचा, आणि कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हवा ढकलायची. एक गोष्ट मात्र नीट ऐका : अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'मला वर न्या' असा होतो, मस्त म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. मी पहिल्या वेळी खूश होऊन अंगठा दाखवला आणि दोन मिनिटांत परत होडीत बसलो होतो, पैसे पूर्ण गेले. पाणी नितळ असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ज्यांना खरंच डायव्हिंग शिकायचंय त्यांच्यासाठी एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे.

आता जे कोणी प्लॅनमध्ये धरत नाही ते. इथलं सगळं भरती-ओहोटीवर चालतं, तुमच्या चेक-आउटवर नाही. जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पुनवेला नि अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं कमी उतरतं. मालवणच्या रॉक गार्डनला जायचं तर ओहोटीलाच जा, खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात खेकडे, शेवाळ, छोटे मासे आरामात दिसतात. आणि जेटीवर कोणी सांगितलं की "वारो सुटलोहा, आज होडी जावची नाय" तर हुज्जत घालू नये. एप्रिल २०१७ ला वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण बुडाले, ओहोटीला पाणी आत ओढतं हे घाटावरच्या माणसाला किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही.

सकाळी लवकर उठलात तर रापण बघायला मिळेल. होडीतून मोठं जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसं ओढतात, हळूहळू, मध्ये थांबत, आणि जाळं जवळ आलं की आतलं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं. पर्यटकांनाही दोराला हात लावू देतात, पाच मिनिटांत तळहात लाल. मासळीची वाटणी तिथेच वाळूवर होते. पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि एलईडीवाल्या (रात्री दिवे लावून मासे खेचणाऱ्या) बोटींनी रापणीला पूर्वीसारखं मिळत नाही अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे आणि ती जुनीच आहे.

राहायला हॉटेलं बरीच झालीत, तरी निवास-न्याहारीची घरं सोडू नका. सकाळी घावणे, दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, एका रात्री कोंबडी-वडे. सुरमईचा भाव आधी विचारून घ्या. येताना बाजारातून गुळाचं खाजं आणा.

पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. तेव्हा येणाऱ्याला किल्ला लांबूनच बघावा लागतो, पण नारळी पौर्णिमा त्याच दिवसांत येते. त्या दिवशी समुद्राला मानाचा सोन्याचा नारळ अर्पण करतात, आणि मालवणात जेटीकडे बायकांच्या नारळ लढवायच्या स्पर्धा लागतात, एकीनं नारळ धरायचा, दुसरीनं वरून आपला मारायचा, ज्याचा फुटला तो बाद, फुटलेला नारळ जिंकणारीचा.