जुना स्लॅब हलका होत नाही

जुन्या घराचा स्लॅब उतरवायचा ठरला की कोल्हापुरात एक वाक्य हमखास कानावर येतं : "चाळीस वर्सांचा स्लॅब हाय, पार पोकळ झालाय, त्याला वजन ते किती असणार!" या अंदाजावर काम उक्तं दिलं जातं आणि निम्मा राडारोडा उचलून झाला की पैशावरून वाद सुरू होतो. खरं तर घणाचा पहिला घाव पडायच्या आधीच हे वजन कागदावर काढता येतं.

पोकळ वाटण्यालाही कारण आहे. जुन्या स्लॅबला खालून हातोडीने ठोकत गेलं तर कुठे खणखणीत आवाज येतो, कुठे भद्द. भद्द वाजतो तिथे गजाखालचा थर स्लॅबपासून सुटलेला असतो, मधे केसाएवढी फट असते. आवाज फटीमुळे बदलतो, माल मात्र तेवढाच असतो. उलट त्यात थोडी भरच पडलेली असते, आणि ती कशी पडते हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

सिमेंट वाळून घट्ट होतं हा समज चुकीचा आहे. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. स्वतःच्या वजनाच्या साधारण २३ ते २५ टक्के पाणी ते कायमचं बांधून ठेवतं. जास्तीचं पाणी बरंचसं सुरुवातीच्या काळातच उडून जातं. या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना तयार होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी पाहिलेला आहे. काँक्रीटमध्ये तीच क्रिया अतिशय सावकाश चालू असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. रेणुभार मांडून बघा : ७४ भाग चुना आणि ४४ भाग वायू मिळून १०० भाग कार्बोनेट आणि १८ भाग पाणी. ते पाणी सगळं उडून गेलं तरी ७४ चे १०० झाले! घनमीटरला ३०० किलो सिमेंट असेल तर त्यातून सुमारे ७५ किलो चुना निघतो. तो सगळा बदलला तर वजन २६ किलोंच्या आसपास वाढेल, म्हणजे अडीच हजार किलोंत एक टक्का.

हा बदल पृष्ठभागाकडून आत सरकतो, तोही काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १६ वर्षांत १० मिलिमीटर गेला असेल, तर २० मिलिमीटरला ६४ वर्षं लागतात. छिद्रं पाण्याने भरलेली असतील तर वायूला वाट मिळत नाही, अगदी कोरडी असतील तर क्रिया अडते. ५० ते ७० टक्के आर्द्रतेत ती जोरात चालते. म्हणून पावसात भिजणाऱ्या गच्चीच्या वरच्या अंगापेक्षा खोलीतल्या छताचं अंग लवकर बदलतं. राजारामपुरीतल्या एका पाडकामावर ताज्या फुटलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन, शिंपडून पाहिलं. मधला भाग गडद गुलाबी झाला, खालची बोटभर पट्टी राखाडीच राहिली. गुलाबी तिथे चुना शाबूत, राखाडी तिथे संपलेला. गज नेमका राखाडी पट्टीत होता. चुना शाबूत असतो तोवर काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबाराच्या आसपास राहतो आणि गजावर संरक्षक पापुद्रा टिकतो. सामू ९ च्या आसपास घसरला की तो पापुद्रा जातो आणि हवा-पाणी गजाला गंजवतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, त्यामुळे खालचा थर ढकलला जाऊन सुटतो. भद्द आवाज येतो तो इथून. गंजातसुद्धा ऑक्सिजनचं वजन वाढलेलंच असतं.

आता हिशेब. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, वजनदार. गजासकट काँक्रीट घनमीटरला २,५०० किलो, म्हणजे घनफुटाला ७१ किलो धरावं. २० बाय १५ फुटांचा, ५ इंची स्लॅब १२५ घनफूट होतो. वजन ८,९०० किलोंच्या घरात, जवळजवळ ९ टन. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर तो वेगळा मोजायचा. तोच लोक हमखास विसरतात. पावसाळ्यात फोडलं तर भिजलेल्या मालाचं वजन शंभर किलोंमागे चार-पाच किलोंनी आणखी वाढतं.

फुटल्यावर वजन तेच राहतं, पण तुकड्यांमधे पोकळ्या राहिल्यामुळे आकारमान दीडपटीहून थोडं जास्त होतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट; आपला सव्वा ब्रासचा स्लॅब दोन ब्रास राडारोडा देतो. ट्रॅक्टरच्या ब्रासभराच्या ट्रॉलीने त्या दोन खेपा. पण मंगळवार पेठेतल्या बोळात ट्रॉली वळत नसेल आणि पाऊण टन क्षमतेचा छोटा टेम्पो लावावा लागला, तर बारा खेपा. त्याचा हौदा अर्धा भरला की वजनाची मर्यादा संपलेली असते. घमेल्यात वीसेक किलो धरले तर जिन्यावरून साडेचारशेच्या आसपास घमेली उतरवायची. म्हणूनच फोडणावळ, उतरवणं आणि वाहतूक यांचे दर वेगवेगळे विचारा आणि ते ब्रासवर ठरवा. गज घनमीटरला ८० किलोंच्या आसपास, म्हणजे इथे पावणेतीनशे किलो निघेल. त्या भंगाराची किंमत कुणाच्या खिशात जाणार, हेही आधीच लिहून घ्या.

दिशा चुकली म्हणून धडधाकट जिना फोडायला सांगणारे वास्तुसल्लागार हे टनांचं गणित कधी मांडत नाहीत. दिशेने काँक्रीटच्या ताकदीत तसूभरही फरक पडत नाही. शिवाय चांगलं काँक्रीट फोडायला जीर्ण काँक्रीटपेक्षा जास्त मजुरी लागते.

एक गोष्ट पैशांहून महत्त्वाची. घरगुती मजला चौरस मीटरला २०० किलो वापरभार, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन, धरून आखलेला असतो. राडारोड्याचा पाच इंचांचा थरच तेवढा भरतो आणि फूटभर ढीग त्याच्या दुपटीच्याही वर जातो. तेव्हा वरचा स्लॅब फोडताना माल खालच्या मजल्यावर साठू देऊ नका. तो रोजच्या रोज खाली उतरवण्याची मजुरी करारातच धरा.