वळणावर "दिसतंय की" म्हणजे नक्की काय दिसतंय?

घाटात शेजारी बसलेला म्हणतो ना, "दिसतंय की, काढ पुढे", तिथेच घोळ असतो. थांबण्यापुरतं दिसणं वेगळं आणि ओव्हरटेकपुरतं दिसणं वेगळं, आपण दोन्हीला नुसतं 'दिसतंय' म्हणून मोकळे होतो.

रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे आकडे बघा. 40 च्या स्पीडला थांबायला 45 मीटर रस्ता दिसायला हवा. त्यातले जवळपास 28 मीटर तर ब्रेक लागायच्या आधीच संपतात, कारण बघून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरलेत (मोबाइल वाजत असेल तर काय ते तुम्हीच ठरवा). ओव्हरटेकला त्याच स्पीडला 165 मीटर लागतात. कारण तेवढ्या वेळात समोरचा काही उभा नसतो, तोही आपल्याकडेच येत असतो. 60 ला हेच 80 आणि 300 होतात. म्हणजे जे वळण आरामात घेता येतं तिथे ओव्हरटेक बसेलच असं अजिबात नाही, आणि मधली पट्टी सलग मारलेली असते ती त्यासाठीच.

आता खरी गंमत. थांबण्याचं अंतर मोजताना समोर फक्त 15 सेंटीमीटर उंचीची वस्तू धरतात, म्हणजे दरडीतून सुटलेला एखादा दगड, आणि ओव्हरटेकचं मोजताना 1.2 मीटर, म्हणजे साधारण समोरची कार. आता सप्टेंबरमधला वरंधा किंवा आंबोली आठवा, वळणाच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या वर गवत. त्या गवतावरून पलीकडच्या ट्रकचा टप मस्त दिसतो, आपण खूश, पण रस्त्यावरचा दगड दिसतच नाही. तेच वळण एप्रिलमध्ये वेगळं असतं, गवत वाळून बसलेलं.

अजून एक, उजव्या वळणावर डोंगर उजवीकडे असेल तर आपल्या लेनमधून बरंच पुढचं दिसतं, म्हणून माणूस फसतो. गाडी उजवीकडे काढली की आपण डोंगराला चिकटतो आणि मघाशी दिसत होता तो रस्ता गायब. तोवर ज्याला ओव्हरटेक करतोय तो ट्रक निम्मा मागे पडलेला असतो, आणि मग पुढेही जाववत नाही आणि मागेही येता येत नाही.