मुक्त सॉफ्टवेअर व खासगीपणा : बेळगाव सीमाभाग

आपण वापरतो ते सॉफ्टवेअर आत नेमके काय करते हे तपासण्याची, त्यात बदल करण्याची आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा ज्याच्या परवान्यातच दिलेली असते, ते मुक्त सॉफ्टवेअर. आपला पत्रव्यवहार, कागदपत्रे आणि इंटरनेटवरील वावर परक्याच्या नजरेपासून राखण्यासाठी असे सॉफ्टवेअर जाणीवपूर्वक निवडण्याची रीत १९९० च्या दशकापासून हळूहळू पसरली. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील, मुख्यतः बेळगाव, खानापूर व निपाणी या पट्ट्यातील मराठी भाषकांच्या संदर्भात केला आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी असे आहे. मराठी लेखनातील रूढीनुसार येथे बेळगाव हेच रूप ठेवले आहे.

संज्ञा : इंग्रजी ‘फ्री’ या शब्दाचे ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन अर्थ होतात, आणि त्यातून त्या भाषेत बरीच चर्चा झाली आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे शब्द मुळात वेगळे असल्याने ही अडचण यायला नको होती. पण ‘फ्री’ हा शब्द मराठीत रुळला तो ‘एकावर एक फ्री’ या अर्थाने, त्यामुळे फुकट मिळणारे कोणतेही ॲप मुक्त समजले जाते. सीमाभागात यात आणखी एक गंमत आहे. कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे विनामूल्य, तर मराठीत उचित म्हणजे योग्य. दुकानावरची कन्नड पाटी मराठी डोळ्याने वाचली, की फुकट ते योग्यच ठरते! सॉफ्टवेअरला कन्नडमध्ये ‘तंत्रांश’ असा प्रतिशब्द आहे. मराठीतील ‘आज्ञावली’ ग्रंथांतच राहिली आणि बोलण्यात ‘सॉफ्टवेअर’च टिकले. ‘मुक्त स्रोत’ ही जोडसंज्ञा १९९८ मध्ये पुढे आलेल्या इंग्रजी संज्ञेवरून घेतलेली असून तिचा भर काम करण्याच्या पद्धतीवर आहे. वापरणाऱ्याचा हक्क हा विषय असेल तेथे ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हणणेच अधिक नेमके.

उगम : या चळवळीचा आरंभ केव्हापासून धरावा याविषयी एकमत नाही. रूढ मतानुसार तो २७ सप्टेंबर १९८३ पासून धरतात. त्या दिवशी अमेरिकी संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९८९ मध्ये सर्वसाधारण सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती निघाली (पुढील आवृत्त्या १९९१ व २००७). लिनस टॉरवॉल्ड्झ यांचा लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा १९९१ चा. तो १९९२ मध्ये या परवान्याखाली आला आणि त्यानंतर संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली प्रत्यक्षात वापरता येऊ लागली.

दुसऱ्या मतानुसार १९८३ ची घोषणा म्हणजे आरंभ नव्हे, मोडलेल्या रिवाजाची पुनःस्थापना होय. आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्या संस्थांचा ‘शेअर’ हा गट १९५५ मध्ये स्थापन झाला होता आणि त्याचे सभासद आज्ञावल्यांची सर्रास देवघेव करीत. यंत्र विकत घेतले की आज्ञावल्या सोबत येत. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावण्याचे जाहीर केले. पुढे अमेरिकेने १९८० मध्ये संगणक आज्ञावल्यांना कॉपीराइटचे संरक्षण स्पष्टपणे दिले. भारतात १९५७ च्या अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावल्या साहित्यकृतींत धरल्या गेल्या. स्टॉलमन यांचे स्वतःचे कथन याच मताला जवळचे आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, साधारणतः १९८० च्या सुमारास, नव्या छपाईयंत्राची आज्ञावली पाहायला मिळाली नाही, त्यामुळे कागद अडकल्याची सूचना देणारी जुनी सोय त्यात घालता आली नाही, असे ते सांगतात.

दोन्ही मतांत तथ्य आहे. तरी महसुली भाषेत सांगायचे तर १९८३ पूर्वी वहिवाट होती, हक्क नव्हता. सात-बारावर नाव चढावे तसा तो हक्क परवान्याने नोंदला गेला. शिवाय बदललेली प्रत वाटणाऱ्याने तीही त्याच अटींवर वाटावी असे या परवान्याचे बंधन असल्याने पुढच्या हातात गेल्यावरही हक्क बुडत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने म्हणूनच १९८३ ते १९८९ हा काळ महत्त्वाचा मानणे सयुक्तिक ठरते. मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची भारतीय शाखा २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे सुरू झाली.

तपासणी व गुप्तता : कुलपाची रचना जगजाहीर असावी, गुप्त असावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व ओग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी सांकेतिक लेखनाच्या संदर्भात मांडले. मुक्त सॉफ्टवेअर आणि गुप्तता यांचा मेळ याच तत्त्वावर बसतो. फिल झिमरमन यांचे पीजीपी हे पत्रव्यवहार कुलूपबंद करणारे साधन १९९१ चे. त्याच जातीच्या मुक्त ग्नू प्रायव्हसी गार्डची पहिली स्थिर आवृत्ती १९९९ ची. सिग्नल या संदेशांच्या ॲपची आज्ञावली खुली आहे. व्हॉट्सॲपने सिग्नलचीच कूटपद्धती घेऊन २०१६ मध्ये सर्व संदेशांना लागू केली, मात्र व्हॉट्सॲप स्वतः मुक्त नाही. त्यामुळे संदेशाचा मजकूर बंद पाकिटात जातो, पण कोणी कोणाला, केव्हा, किती वेळा लिहिले हा पाकिटावरचा तपशील कंपनीकडे राहू शकतो.

आज्ञावली खुली म्हणजे ती कोणी वाचलीच आहे असे नाही. इंटरनेटवरील देवघेव कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावली-संचातील ‘हार्टब्लीड’ ही चूक सुमारे दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ती २०१४ मध्ये उघड झाली. मार्च २०२४ मध्ये फाइल आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या मुक्त साधनात हेतुपुरस्सर घातलेला चोरदरवाजा सापडला, तोही लॉगइनला किंचित जास्त वेळ का लागतो याचा एका अभियंत्याने पिच्छा पुरवल्यामुळे. केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच दाखवले होते, की मूळ आज्ञावली निर्दोष असली तरी तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन दूषित असू शकते. खुलेपणाने तपासणी शक्य होते, ती आपोआप घडत नाही, एवढेच विधान निर्धास्तपणे करता येते.

लिपी व कळफलक : सीमाभागातील वापरणारा देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत वावरतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टांत एकाच सांकेतिक क्रमांकावर फॉन्टागणिक वेगळे अक्षर असे. छापखान्यात जुळवलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की निव्वळ चिन्हांची गिचमीड दिसे, आणि स्वतः लिहिलेला मजकूरही विकत घेतलेल्या फॉन्टाच्या स्वाधीन राही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचे भारतीय प्रमाण इस्कीही त्याच वर्षीचे.

मराठीची खरी कसोटी लागली ती ‘ऱ्य’मध्ये. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळे. हा अर्धचंद्राकृती र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र भिन्न वाटतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी असल्याने तीही फॉन्टात स्वतंत्रपणे सांगावी लागतात. बंदिस्त फॉन्टात अशी चूक राहिली तर कंपनीला विनवणी करण्यापलीकडे हाती काही नसते. मुक्त फॉन्टात ती जाणकाराला स्वतः सुधारता येते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टसंच खुल्या परवान्याखाली आहेत. पैकी बलू देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत उपलब्ध असल्याने दुभाषिक पाटीला सोयीचा पडतो.

खासगीपणाच्या चर्चेत कळफलकाकडे सहसा दुर्लक्ष होते. मोबाइलवर मराठी टंकण्यासाठी लोक वेगळा कळफलक उतरवून घेतात, आणि तो सुरू करताना अँड्रॉइड बजावते, की या ॲपला पासवर्डसह टंकलेला सर्व मजकूर गोळा करता येईल. ती सूचना न वाचता ‘ठीक’ दाबले जाते. त्यानंतर संदेश कितीही भक्कम कुलपात गेला तरी तो कुलपाबाहेर, बोटाखालीच वाचला जाऊ शकतो. केवळ इंग्रजीवर भागणाऱ्या माणसाला मूळ कळफलक पुरतो. दोन भारतीय लिप्या लागणाऱ्याला ही जोखीम अधिक. इंडिक कीबोर्ड हा मुक्त कळफलक मल्याळमसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी विकसित केला असून त्यात मराठी व कन्नड दोन्ही आहेत. हेलीबोर्ड हा दुसरा मुक्त कळफलक इंटरनेटची परवानगीच मागत नाही.

दुसऱ्याच्या यंत्रावर : कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पाखाली सन २००० च्या सुमारास सुमारे २ कोटी जमीन-नोंदींचे संगणकीकरण झाले. उतारा कन्नडमध्ये निघतो. सेवा सिंधूसारखी सरकारी संकेतस्थळे कन्नड व इंग्रजीत आहेत. केवळ मराठी वाचणारा शेतकरी वा विद्यार्थ्याचा पालक त्यामुळे झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात जातो. जात-उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, उतारा असे सगळे तिथेच होते. आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर जाते, ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला जातो, फाइल डाउनलोडमध्ये पडून राहते. दुकानदार बहुधा ओळखीचाच असतो आणि त्याचा हेतूही वाईट नसतो. पण पुढे ते यंत्र विकले जाते, दुरुस्तीला जाते.

येथे मुक्त परवान्याचा थेट उपयोग थोडा. टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी मुक्त कार्यप्रणाली यंत्रावर मागमूस ठेवत नाही. पण गिऱ्हाइकांची रांग असताना कोणता दुकानदार संगणक बंद करून पुन्हा सुरू करू देईल? अर्ज स्वतःच्या मोबाइलवर फायरफॉक्समध्ये भरणे, पासवर्ड कीपासडीएक्स या मुक्त ॲपच्या कुलूपबंद पेटीत स्वतःजवळ ठेवणे, दुकानातून फक्त छापील प्रत घेणे हे त्यामानाने साधते. आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी नेमका असाच सल्ला दिला होता : आधारची प्रत सरसकट कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारे मुखवटाधारी आधार वापरा, सार्वजनिक संगणकावर उतरवलेली प्रत कायमची पुसून टाका. गैरसमज होऊ शकतो या कारणाने तो दोन दिवसांत मागे घेण्यात आला. मुखवटाधारी आधारची सोय मात्र कायम आहे.

इंटरनेटवरील वावर मधल्या कंपनीच्या यंत्रामार्फत वळवून झाकणाऱ्या व्हीपीएन या सेवेच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षे जपावी, असा निर्देश सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढला आहे.

कायदा : २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. हा पर्याय राज्याच्या राजभाषेशी बांधलेला नाही. त्यामुळे या तरतुदीनुसार खानापुरातल्या ग्राहकाला कंपनीकडे ती सूचना मराठीत मागता येईल, आणि सोलापुरातल्या कन्नड भाषकाला कन्नडमध्ये.